दीड तास

मस्कतचं घड्याळ गावाच्या दीड तास मागे.
लांज्यात अकराला दिवे मालवतात
तेव्हा इथे रुवीत साडेनऊ.
फोनवर ती जांभई देते, ठेवू का म्हणते,
हा म्हणतो, ठेव, झोप.
आणि मग तो दीड तास.
खोलीत सहा खाटा, एसीची घरघर,
बाहेर डोंगर, गवताची काडी नसलेले,
दिवसभर तापून आता हळूहळू निवणारे.

आम्ही त्या दीड तासाची माणसं.
मंडळ म्हणू नका.
अध्यक्ष नाही, म्हणून अजून फूट पडलेली नाही.
आहे ती एक दोनशे पानी वही,
मुकादमांच्या शिलाईच्या दुकानात, अस्तराच्या ठाणाखाली.

त्यात लिहिलंय:
कुंजुमोन फार्मसीवाला. गोळी मागितली तर आधी बसवून घेतो.
तोरस्कर सिस्टर, नाइट ड्यूटी नसेल तेव्हा.
डॉक्टरकडे सोबत येतात, दारातून परत फिरू देत नाहीत.
युसुफ, गाडी. पेट्रोलचं विचारू नये, चिडतो.
रेवतीवहिनी, मऊ भात आणि मेतकूट.
जोशीलकर: चार तास गप्प बसू शकतो.
एका नावावर काट मारलीय,
पुढे कारण: सल्ले देतो.

पहिल्या पानावर नियम एकच, माझ्या अक्षरात.
कसा आहेस विचारायचं नाही,
सगळे मजेतच असतात.
काय जेवलास, ते विचारायचं
आणि उत्तर यायला किती वेळ लागतो, तो मोजायचा.

दिगंबर घागला अकरा सेकंद लागले.
वादी कबीर, खिडकीकडची खाट,
तीन दिवस कामावर नाही, भिंतीकडे तोंड.
सुट्टीत घरी गेला तेव्हा मुलगा त्याला काका म्हणाला होता.
सगळे हसले होते. तोही हसला होता.
एवढंच सांगितलं त्यानं,
तेही जोशीलकरला, तिसऱ्या तासाला,
मधे वहिनींचा डबा दोनदा गरम करून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याला घेऊन गेल्या.
बरा झाला, असं वहीत लिहिलेलं नाही.
लिहिलंय: भात संपवला. कढी नको म्हणाला.

मग मी लांज्याला फोन केला, त्याच्या बायकोला, कल्पिताला.
म्हटलं, तो आज बोलणार नाही, रागावू नका.
ती म्हणाली, रागावत नाही.
मलाही नसतं बोलायचं कधी कधी.
पहाटे पाचला उठते मी, पाणी भरते,
तुमच्याकडे तेव्हा साडेतीन. सगळे झोपलेले.
मला कोण विचारणार, काय जेवलीस?

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दोरीचं एकच टोक बांधून
आम्ही दोन वर्षं गाठ बघत बसलो होतो.

त्या रात्री मुकादमांनी वही उलटी केली
आणि मागच्या पानावरून दुसरी यादी सुरू झाली:
लांजा, मंडणगड, देवरुख.
सिस्टरांची धाकटी बहीण, एक अंगणवाडीताई,
मुकादमांची मावशी, जिला लिहिता येत नाही
पण जी कुणाच्याही ओटीवर जाऊन बसू शकते.
आता दोन्ही बाजूंनी पानं भरत येताहेत.
मधे कोरी किती उरली, कुणी मोजत नाही.

परवा नवीन नंबर लिहायला वही उघडली
तर कडेला, शिलाईच्या निळ्या खडूनं,
माझं नाव.
खाली मुकादमांचं वाकडं अक्षर:
हल्ली फार हसतात. मंगळवार, पावणेदहा.

वही मिटली. कुणाला बोलले नाही.
घरी आले, हिशोबाची फाइल उघडली, बंद केली,
नवऱ्याचा दम्मामहून येणारा फोन येऊन गेला होता
आणि मी मजेत आहे म्हणून झालं होतं.

पावणेदहाला फोन वाजला.
"बाय, काय जेवलीस गो?"

मी घड्याळाकडे पाहिलं.
सेकंदकाटा पुढे निघाला.